काय हा अवतार!

लहानपणी उन्हातान्हातून खेळून घरी आले की आजी मला दारातच अडवायची. केसांत गवत, गुडघ्यांना माती, फ्रॉकची शिवण उसवलेली. "काय हा अवतार!" म्हणायची आणि मोरीकडे पिटाळायची. त्याच तोंडाने संध्याकाळी विष्णूचे दहा अवतार माझ्याकडून ओळीने म्हणून घ्यायची. मराठीत हा शब्द देवालाही चालतो आणि विस्कटलेल्या पोरीलाही, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात, मिनिआपोलिसमधल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात, माझ्या आठ वर्षांच्या लेकीने माझा उच्चार सुधारला. बाहेर उणे वीस, आत ती पांघरूण गुंडाळून टीव्हीसमोर. "आई, अवतार नाही. ॲवटार." मी म्हटलं, "अगं, आपला शब्द आहे तो." तिने मालिका थांबवली, माझ्याकडे वळून पाहिलं आणि विचारलं, "मग तो त्यांच्याकडे कसा गेला?"

तुमच्या घरात या वयाचं मूल असेल, तर 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' तुम्हाला सांगायला नको. नसेल तर थोडक्यात सांगते. मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोन अमेरिकनांनी ही कार्टून मालिका रचली. २००५ ते २००८ या काळात ती निकलोडियनवर आली, एकूण ६१ भाग. जग चार राष्ट्रांत विभागलेलं आहे: पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू. प्रत्येक राष्ट्रातल्या काही माणसांना आपापलं तत्त्व वाकवता येतं. चारही तत्त्वं फक्त अवताराला येतात, आणि तो दर पिढीत नव्या देहात जन्म घेतो. अग्निराष्ट्राने साम्राज्याच्या हावेपोटी वायुलोकांची सरसकट कत्तल केली. त्यातून आंग नावाचा बारा वर्षांचा मुलगा तेवढा वाचला, बर्फात शंभर वर्षं गोठून. हाच अवतार, आणि वायुलोकांतला शेवटचा.

मी पीएचडीच्या दिवसांत ही मालिका पहिल्यांदा पाहिली. प्रयोग फसला की रात्री दोन भाग, असा माझा नेम होता, आणि प्रयोग वरचेवर फसत. तेव्हा फक्त मजा वाटली. लेकीबरोबर दुसऱ्यांदा पाहताना मात्र तिचा तो प्रश्न मनातून जाईना. दुसऱ्याच्या इतिहासातून, देवळांतून, दुःखातून आपलं कल्पनेचं जग उभारायचं, तर देणं काय लागतं? आणि कुणाला?

आधी हे सांगायला हवं की या मंडळींनी मन लावून काम केलं आहे. पाणी वाकवणाऱ्यांच्या हालचाली ताई-चीच्या, पृथ्वीवाल्यांच्या हुंग-गारच्या, अग्नीच्या उत्तर शाओलिनच्या आणि वायूच्या बाग्वाझांगच्या, म्हणजे सतत गोल फिरत राहण्याच्या चिनी युद्धकलेच्या आहेत. त्यासाठी सिफू किसू हे युद्धकलेचे शिक्षक सल्लागार होते. मालिकेतल्या जगात रोमन अक्षर दिसत नाही. भिंतींवर, पत्रांवर, दुकानांच्या पाट्यांवर जे लिहिलेलं दिसतं ते खरं, वाचता येणारं चिनी आहे. ते सिउ-लियुंग ली या सुलेखनकाराच्या मदतीने लिहिलेलं आहे. सुरुवातीला मालिकेच्या नावाबरोबर चार चिनी अक्षरं येतात. माझ्या प्रयोगशाळेतल्या चिनी सहकाऱ्याला मी त्यांचा अर्थ विचारला. पहिल्या दोन अक्षरांचा अर्थ, तो म्हणाला, 'जगात उतरलेलं'. आता 'अव' म्हणजे खाली आणि 'तृ' म्हणजे ओलांडणं, तरून येणं. अमेरिकेत बनलेल्या कार्टूनच्या शीर्षकात संस्कृत शब्दाचा अर्थ चिनी अक्षरांत बिनचूक उतरला होता. आणि तो पाहणारी माझी लेक मला 'ॲवटार' म्हणायला शिकवत होती.

पृथ्वीराज्याची राजधानी 'बा सिंग से' ही तटबंदीच्या आत तटबंदी असलेली नगरी आहे. मधोमध बीजिंगच्या राजवाड्यासारखा राजवाडा. तिथल्या गुप्त पोलिसांचं नाव 'दाई ली'. हे नाव कल्पनेतलं नाही. दाई ली हा च्यांग कै-शेकच्या राजवटीचा हेरप्रमुख होता, १९४६ साली विमान अपघातात मेला. शहराबाहेर युद्ध पेटलेलं असताना शहरात युद्धाचं नाव काढायला बंदी, आणि जो काढेल त्याला पकडून त्याचा मेंदू धुवून काढायचा, अशी या दाई लींची कामगिरी. मुलांच्या कार्टूनमध्ये इतकं कडू औषध साखरेत घोळून दिलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

तिसऱ्या पर्वात आंग वेश बदलून अग्निराष्ट्राच्या शाळेत जाऊन बसतो, तो भागही तसाच. बाई विचारतात, आपल्या राजाने वायुलोकांच्या सैन्याशी कोणत्या साली लढाई केली? आंग म्हणतो, त्यांच्याकडे सैन्यच नव्हतं, अचानक हल्ला झाला. बाईंच्या पुस्तकात मात्र सैन्य आहे. हे पाहताना मला साबुरो इएनागा आठवले. या जपानी इतिहासकाराने १९६५ पासून आपल्याच सरकारवर एकामागून एक खटले भरले, कारण पाठ्यपुस्तकातून जपानी सैन्याच्या अत्याचारांचे उल्लेख सौम्य करायला त्यांना भाग पाडलं जात होतं. शेवटचा निकाल लागायला १९९७ साल उजाडलं.

आता ही चित्रं काढली कुणी? मालिकेचं प्रत्यक्ष ॲनिमेशन दक्षिण कोरियात झालं, जेएम ॲनिमेशन, डीआर मूव्ही अशा स्टुडिओंमध्ये. १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. अग्निराष्ट्राची काळी जहाजं, कारखान्यांचा धूर, जिंकलेल्या गावांतले लाल झेंडे ज्यांनी एकेक चौकट करत रेखाटले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या आजी-आजोबांनी तो काळ अंगावर काढलेला असणार. त्यांची नावं शेवटच्या श्रेयनामावलीत आहेत. ती सुरू झाली की काही सेकंदांत पुढचा भाग आपोआप लागतो. आम्हा पोस्टडॉक लोकांना हे नवीन नाही. शोधनिबंधात एक लेखक असतो, एक शेवटच्या ओळीतल्या आभारांत असतो, आणि तिसऱ्याचं नाव कुठेच नसतं. रात्रीचे दोन वाजेपर्यंत पेशींना खाऊ घालणारा बहुधा तिसराच असतो.

बरं, मग आपल्या वाट्याला काय आलं? शब्द आला आणि पुनर्जन्माची कल्पना आली, पण माणसं? दुसऱ्या पर्वाच्या शेवटी गुरू पथिक येतो: सावळा, पांढऱ्या दाढीचा, कमरेला एक वस्त्र, कांदा आणि केळ्याचा रस पिणारा. तिसऱ्या पर्वात कपाळावरच्या तिसऱ्या डोळ्याने स्फोट घडवणारा एक मारेकरी आहे, त्याला आपला म्हणायचं तर म्हणा. चीनला तटबंद्या, राज्यकारभार, गुप्त पोलीस, जपानला आरमार, आणि आपल्याला कांदा-केळ्याचा रस. मला राग आला, खोटं कशाला सांगू?

पण रागाच्या भरात मी पथिकाचा भाग पुन्हा पाहिला, आणि जरा वरमले. तो आंगला सात चक्रं समजावतो. पहिलं पृथ्वीचं, मग पाण्याचं, अग्नीचं, वायूचं, मग ध्वनीचं. मूलाधार ते विशुद्ध हा तत्त्वांचा क्रम जुन्या तंत्रग्रंथांत असाच आहे. पूर्णानंदांनी १५७७ मध्ये रचलेल्या 'षट्चक्रनिरूपणा'त तो आहे, आणि पाचव्या चक्राचं तत्त्व तिथे आकाश, ज्याचा गुण शब्द. म्हणजे 'ध्वनी' ही त्यांनी मारलेली थाप नव्हे. प्रत्येक चक्र एकेका भावनेने तुंबतं, पहिलं भीतीने, दुसरं अपराधीपणाने, तिसरं लाजेने, हा मात्र पश्चिमेतल्या विसाव्या शतकाचा भाग, आणि तोच लेकीला सगळ्यात आवडला. हे सगळं तपासायला मला तीन संध्याकाळी लागल्या. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं एवढं विस्ताराने वर्णन आहे, हे शाळेत मार्कांपुरतं ठाऊक होतं. तो अध्याय नीट वाचला तो कांदा-केळ्याच्या रसाच्या रागातून.

आपल्याकडे तीन ऋणं सांगितली आहेत, त्यांतलं एक ऋषिऋण. देवऋण यज्ञाने फिटतं, पितृऋण संततीने. ऋषिऋण मात्र घेतलेलं परत करून फिटत नाही, आणि ज्ञान परत करणार तरी कसं? ते अध्ययनाने फिटतं. जे घेतलं त्याचा अभ्यास करायचा. त्याहून घरगुती म्हणजे वाटीचा नियम. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर वाटी रिकामी परत पाठवायची नाही, काहीतरी घालून पाठवायची. आजी तर म्हणायची, काही नसेल तर चार शेंगदाणे घाल.

या नियमाने मोजलं तर मूळ मालिका बऱ्यापैकी उतरते. २०१० साली तिच्यावरून निघालेला चित्रपट नापास होतो, तोही गमतीशीर रीतीने. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन, जन्म आपल्या पुद्दुचेरीतल्या माहेचा. त्याने उच्चार सुधारून घेतले. पडद्यावर चक्क 'अवतार' ऐकू येतं, माझ्या आजीच्या उच्चाराच्या बरंच जवळचं. पण आंग आणि त्याचे सोबती गोरे झाले, आणि अग्निराष्ट्राचे लोक देव पटेलसारख्या सावळ्या नटांना मिळाले. उच्चार बरोबर आणि चेहरे चूक. अमेरिकेतल्या आशियाई तरुणांनी त्याविरुद्ध मोठा आवाज उठवला, आणि २०२४ च्या नेटफ्लिक्सच्या मालिकेत आंगचं काम आशियाई वंशाच्या मुलाकडे गेलं, त्यामागे तो आवाजही होता असं मला वाटतं.

इथे कुणी म्हणेल, एवढा हिशोब कशाला? संस्कृती अशाच फिरत असतात. खरं आहे, आणि याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपणच आहोत. सातव्या शतकात ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला. इथले लोक स्वाभिमानी, उपकार न विसरणारे, पण अपमान झाला तर शत्रूला आधी सूचना देऊन मग सूड घेणारे, असं त्याने लिहून ठेवलं. डोंगरातल्या एका विहाराचं त्याने वर्णन केलं आहे, ते अजिंठ्याशी जुळतं असं अभ्यासक मानतात. हा प्रवासी खरा, त्याची वही खरी. नऊशे वर्षांनी चीनमध्ये त्याच प्रवासावर 'पश्चिमेची यात्रा' ही कादंबरी झाली. तोवर आपला देश राक्षसांनी भरलेल्या वाटेपलीकडचा, बुद्ध स्वतः बसलेला स्वर्ग झाला होता, एक्याऐंशी संकटं पार करून गाठायचा. वाटेत सोबतीला एक माकड. त्या माकडापासून १९८४ मध्ये जपानात 'ड्रॅगन बॉल'चा गोकू निघाला, आणि तो आज नागपूरच्या पोरांच्या टी-शर्टवर आहे. म्हणजे कार्टूनवाल्यांच्या कितीतरी आधी आपणही कुणाच्या तरी कल्पनेचं जग होऊन बसलो होतो. आपलं काही बिघडलं का? नाही. आपल्याला कळलंसुद्धा नाही.

मला वाटतं, मेख इथेच आहे. ती कादंबरी वाचून चीनमधल्या कुणाला भारत म्हणजे सोन्याचा मठ वाटला असेल, तरी त्यामुळे पैठणच्या विणकराच्या पोटावर पाय आला नाही. त्याचं जगणं त्या वाचकाच्या कल्पनेवर अवलंबून नव्हतं. जपानकडे आज स्वतःच्या गोष्टी स्वतः सांगायला पुरेपूर साधनं आहेत, कोरियाकडे आहेत, चीनकडे आहेत, आपल्याकडे तर आहेतच. कुणी चुकीचं सांगितलं तर बरोबर सांगणारी दहा माणसं उभी राहतात. ज्यांच्याकडे तेवढा आवाज नाही, त्यांचं काय? जलराष्ट्राची फरची कपडे घातलेली माणसं पाहून इन्युइट मुलांना काय वाटत असेल? आणि वायुलोक?

वायुलोक कोण, हे लपलेलं नाही. डोंगरमाथ्यावरचे मठ, केशरी-पिवळी वस्त्रं, मुंडण केलेली डोकी. आंगच्या गुरूचं नाव ग्यात्सो, आणि पुढच्या मालिकेत आंगच्या मुलाचं नाव तेन्झिन. चौदाव्या दलाई लामांचं नाव तेन्झिन ग्यात्सो आहे. लहानग्या आंगने हजारो खेळण्यांतून आधीच्या अवतारांची चार खेळणी उचलली, त्यावरून मठातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला ओळखलं. दोन वर्षांच्या दलाई लामांनीही आधीच्या लामांच्या वस्तू, जपमाळ, डमरू, काठी, अशाच ओळखल्या होत्या. आणि याहून जिव्हारी लागणारं एक साम्य आहे. आंगला तो अवतार असल्याचं सोळाव्या वर्षी सांगायचं असतं, पण युद्धाचे ढग दिसू लागतात म्हणून बाराव्या वर्षीच सांगतात. दलाई लामांनी सत्ता हाती घ्यायची ती अठराव्या वर्षी. १९५० च्या ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्य शिरलं आणि नोव्हेंबरमध्ये, पंधराव्या वर्षीच, ती त्यांच्यावर येऊन पडली. ज्याने हा तपशील गोष्टीत गुंफला त्याने अभ्यास केला होता.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक तिबेटी कुटुंब राहतं. मिनेसोटात तिबेटी लोक बरेच आहेत. अमेरिकेने १९९० च्या कायद्याने भारत-नेपाळमधल्या एक हजार तिबेटींना व्हिसा दिले, त्यांतले काही इथे आले आणि मग त्यांच्यामागे नातलग आले. शेजारीण एका वृद्धाश्रमात नर्स आहे. पहिल्या भेटीत मी नाव सांगितलं, आडनाव ऐकून ती एकदम मराठीत म्हणाली, "तुम्ही नागपूरच्या का?" माझ्या हातातला कचऱ्याचा डबा तसाच राहिला. तिचा जन्म गोठणगावजवळच्या नॉर्ग्येलिंग वसाहतीतला. जिल्हा तेव्हा भंडारा, आता गोंदिया. १९७२ पासून तिथे तिबेटी वसाहत आहे. मी नागपुरात सतरा वर्षं वाढले, आणि मला हे मिनिआपोलिसमध्ये कचरा टाकायला जाताना कळलं.

तिचा मुलगा माझ्या लेकीच्याच वर्गात आहे. दोघं मिळून मालिका पाहतात, कधी आमच्याकडे, कधी त्यांच्याकडे. हॅलोवीनला तो आंग झाला. आईने खऱ्या चिवराच्या रंगाचं कापड आणून शिवलं, कपाळावर निळा बाण रंगवला. मला उगाच अवघडल्यासारखं झालं. मी तिला विचारलं, तुला यात काही खटकत नाही का? ती हसली. "दीदी, तुम लोग सोचते बहुत हो." वर्गात तिबेट कुणाला माहीत नव्हतं, म्हणाली, पण आंग सगळ्यांना माहीत होता. पहिल्यांदाच पोरगा शाळेतून खुशीत घरी आला.

म्हणजे जिच्या वतीने मी रागवायला निघाले होते, तिला राग नव्हता. इथे मी थांबायला हवं होतं. पण फेब्रुवारीत एका रविवारी ती वाटी परत करायला वर आली (मी पुरणपोळी पाठवली होती, वाटीत ताजी चिली चटणी आली) आणि दारातच उभी राहून तिने विचारलं, "शेवटी बाकीचे सापडतात का?" मला कळेना. "ते वायुवाले. मुलगा रोज विचारतो. म्हणतो, बाकीचे कुठेतरी लपले असतील ना?"

नाही सापडत. आंग शेवटचाच राहतो. पुढे त्याच्या मुलाबाळांत ती विद्या चालते, पण जुन्यांपैकी बाकी कुणी नाही. गोष्टीला ते मेलेलेच हवे आहेत, कारण त्या मरणावरच नायकाचं दुःख उभं आहे. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "हां. त्याने मला विचारलं, आई, मग आपण कोण?"

त्या रात्री आम्ही पहिल्या पर्वातला उत्तरेच्या वायुमंदिराचा भाग पाहिला. आंग तिथे पोहोचतो तर मंदिरात परकी माणसं राहत असतात, पुरात घर गेलेले निर्वासित. त्यांनी भित्तिचित्रांमधून नळ घातलेत, मूर्ती काढून धुराडी बसवलीत. आंग चिडतो. मग एक पांगळा मुलगा त्याला घरच्या घरी बनवलेल्या पंखांवर उडून दाखवतो, आणि आंगचा राग हळूहळू ओसरतो. शेवटी तो म्हणतो की तुम्ही त्या खेकड्यासारखे आहात, रिकामा शंख सापडला म्हणून तुम्ही त्यात घर केलं. लेकीला हा भाग फार आवडतो. मलाही आधी आवडला होता. निर्वासितांनी आसरा घेऊ नये, असं म्हणायला आपलं तोंड नाही. व्हिसाच्या कागदांवर दिवस काढणारी मी तर बिलकूल म्हणणार नाही. पण या वेळी माझं लक्ष 'रिकामा' या शब्दाशी अडलं. मालिकेतला शंख रिकामा आहे, म्हणून क्षमा सोपी आहे. खाली पहिल्या मजल्यावर त्या शंखातला एक मुलगा दात घासून झोपायच्या तयारीत होता.

लिहिणाऱ्यांना मी यात दुष्ट म्हणत नाही. त्यांनी मरणाऱ्यांविषयी हळहळ वाटायला लावली, आणि ते थोडं नाही. पण संपून गेलेल्यांविषयी हळहळ वाटून घेण्यात सोय असते, कारण ते काही मागत नाहीत. जिवंत माणूस मागतो. त्याला पासपोर्ट हवा असतो, आपली भाषा शिकवणारी शाळा हवी असते, निदान आपलं नाव बरोबर घेतलं जावं असं वाटत असतं. या बाबतीत त्या दोन अमेरिकनांना मी किती बोल लावू? त्यांनी निदान ग्यात्सो हे नाव कुठून घ्यायचं हे शोधलं होतं.

कारण नागपूरला दर नोव्हेंबरात स्वेटरची दुकानं लागायची. ओळीने तंबू, दोऱ्यांवर टांगलेले स्वेटर, स्टुलावर बसून विणणाऱ्या बायका. आई घासाघीस करायची, मी लाल स्वेटरसाठी हटून बसायचे. आम्ही त्यांना 'नेपाळी' म्हणायचो. अख्खं नागपूर म्हणायचं. 'नेपाळ्यांकडून स्वेटर आणलाय.' त्या तिबेटी आहेत हे कळायला कार्टून लागलं नसतं. त्या सांगत असतीलच, आम्ही विचारलं नाही. शेजारणीने परवा सांगितलं की तिची आईही बरीच वर्षं नागपुरात दुकान लावायची. माल तिबेटचा नाहीच, लुधियानाचा, व्यापाऱ्याकडून उधारीवर आणलेला, थंडी संपल्यावर पैसे चुकते करायचे. आम्ही तर 'खरी तिबेटी लोकर' म्हणून वर्षानुवर्षं हात फिरवत होतो. म्हणजे माणसांना नेपाळी म्हणायचो आणि लुधियानाच्या मालाला तिबेटी. मी हे बोलले तेव्हा ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "आईला मराठी छान यायचं. 'ताई, कमी नाही होणार' एवढं तर एकदम पक्कं."

तो लाल स्वेटर मला कुणी विकला, हे आता कळायचा मार्ग नाही. तिची आई असेल, नसेल. असली पाहिजे असंही नाही.

लेकीला तिच्या प्रश्नाचं उत्तर अजून दिलेलं नाही. शब्द त्यांच्याकडे कसा गेला, याला इंग्रज पंडित, थिऑसॉफीवाले, पुढे संगणकावरचे खेळ अशी लांबलचक वाट आहे, ती सांगेन तिला हळूहळू. ती अजून 'ॲवटार'च म्हणते. खालचा मुलगा मात्र माझं ऐकून 'अवतार' म्हणायला लागलाय, आणि दोघांची त्यावरून भांडणं होतात.

मागच्या महिन्यात मी बाबांना फोनवर विचारलं, स्वेटरवाले अजून बसतात का? ते म्हणाले, बसतात की. मी म्हटलं, एकदा जाऊन विचारा ना, कुठल्या आहात. बाबांना या वयात मुलीने सांगितलेली असली कामं आवडत नाहीत, पण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर दोन स्वेटरचे फोटो आले, एक निळा, एक मरून, आणि खाली लिहिलं होतं: गोठणगावच्या आहेत. तुझ्या शेजारणीचं माहेरचं नाव काय, विचारून कळव, त्या बाईंना पाहिजे आहे.